पंगतीपासून मेजापर्यंत : आपल्या अन्नाच्या प्रतिष्ठेचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखादा इतिहासविषयक लेख द्यावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा ज्ञातीच्या मूळ स्थानाविषयी किंवा कुलदैवतांविषयी काही लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर मजहून अधिकारी व्यक्तींनी याच पृष्ठांतून पूर्वी लिहिलेले आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सदतीस वर्षे मुलांना इतिहास-भूगोल शिकविलेला एक साधा शिक्षक. तेव्हा गेल्या वर्षी घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने ज्या इतिहासाकडे माझे लक्ष वेधले, तोच ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

माझी धाकटी कन्या व जावई यांनी माझ्या वाढदिवसाच्या निमित्ताने मला मुंबईतील एका नव्या धर्तीच्या उपाहारगृहात नेले. तेथे आपलेच देशी पदार्थ परदेशी पाकक्रियांची जोड देऊन, नवी मांडणी करून, थोडेथोडे आणि एकामागून एक असे वाढतात. अशा मिश्र पाकपद्धतीस ‘फ्यूजन’ असे नाव आहे. आमच्यापुढे दहा खेपांत दहा पदार्थ आले. आठव्या खेपेच्या पदार्थावरून तेथील आचाऱ्याने मला अगदी साधा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही. तो प्रश्न कोणता, हे लेखाच्या अखेरीस सांगेन. त्याचा सल ध्यानी येण्यासाठी आपले अन्न घरातील चुलीपासून अशा मेजापर्यंत कसे आले, हे आधी पाहिले पाहिजे.

घराबाहेर न जेवणारा समाज

आजच्या तरुण वाचकांस खरे वाटणार नाही, परंतु आपल्या पणजोबांच्या काळी परक्याच्या हातचे अन्न खाणे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता; तो जातीत राहण्याचा किंवा जातीबाहेर पडण्याचा प्रश्न होता. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग प्रभृतींच्या पुढाकाराने ‘परमहंस सभा’ स्थापन झाली. तिचे सभासद जातिभेद मोडण्याची खूण म्हणून एकत्र बसून, परधर्मीयाने केलेला पाव खात. परंतु हे सारे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभेचे कागदपत्र चोरीस गेले, सभासदांची नावे बाहेर फुटतील अशी धास्ती पडली आणि सभाच विसर्जित झाली. पावाच्या तुकड्याने एक संस्था बांधली आणि त्याच तुकड्याच्या भीतीने ती मोडली.

पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानास गेली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसती समोर ठेवून घेतली. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांसही त्या चहापायी प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले. कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातील गंगाराम कांबळे यांस चहाचे दुकान काढून देण्यास साह्य केले आणि रस्त्यात गाडी थांबवून सर्वांदेखत त्यांच्या हातचा चहा घेतला. राजाने घेतलेल्या त्या एका कपाचे मोल त्या काळी किती होते, हे वरील दोन प्रसंग ध्यानी घेतल्यावाचून कळणार नाही.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांवरून कोणासही अटकाव करता येणार नाही, असे ठरविले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. घटनाकारांनी विहिरी, रस्ते यांच्याबरोबर उपाहारगृहाचा वेगळा उल्लेख का केला असावा, याचे उत्तर वर आलेच आहे.

येथे आपल्या घरचेही एक सत्य सांगणे मला कर्तव्य वाटते. माझ्या बालपणी ज्ञातीच्या वार्षिक समारंभाची पंगत बसे, तिचा थाट आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. रांगोळ्या, उदबत्त्यांचा दरवळ, वाढप्यांची धावपळ, भाताच्या मुदीवर पडणारे वरण आणि तूप. परंतु पत्रावळी शिवून आणणाऱ्या बाया मागील दारी बसून राहत आणि पंगती उठल्यावर उरलेसुरले पदरात घेऊन जात. ज्या हातांनी त्या पत्रावळी शिवल्या, त्या हातांना त्यांवर जेवावयास मिळत नसे. ती पंगत आपली होती, गोड होती. पण ती सर्वांची नव्हती. तिचे गुणगान करताना ही गोष्ट आपण विसरू नये.

परदेशातील मेज

देशी अन्न पैसे घेऊन मेजावर मांडण्याचा एक पहिला धाडसी प्रयोग झाला तो लंडनमध्ये. पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी १८१० साली तेथील जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदोस्तानी कॉफी हाउस’ उघडले. बांबूच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानची चित्रे, हुक्क्याची सोय आणि मसालेदार रस्से असा तो सारा सरंजाम होता. भारतातून परतलेले गोरे साहेब तेथे येतील ही त्यांची अपेक्षा होती. परंतु खर्च झेपला नाही आणि १८१२ साली त्यांचे दिवाळे वाजले. पुढे ब्रायटन येथे स्नानगृह काढून त्यांनी नाव कमावले. १९२६ साली एडवर्ड पामर यांनी लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर ‘वीरास्वामी’ सुरू केले. त्यास मात्र यश आले.

याउलट मायदेशात स्थिती चमत्कारिक होती. जमशेटजी टाटा यांचे ताजमहाल हॉटेल मुंबईत डिसेंबर १९०३ मध्ये उघडले. तथापि अशा मोठ्या हॉटेलांत दीर्घकाळ मान होता तो फ्रेंच आणि इंग्रजी पदार्थांचा. देशी अन्न इराण्याच्या चहाच्या दुकानात, खानावळीत आणि घरात राहिले. पाहुण्यापुढे काटा-चमचा मांडावयाचा आणि घरी भाकरी खावयाची, अशी ही दुहेरी रीत होती.

फाळणीनंतर या स्थितीत पालट झाला. पेशावरहून निर्वासित होऊन आलेल्या मंडळींनी १९४७ साली दिल्लीतील दर्यागंज भागात ‘मोती महल’ थाटले आणि तंदुरी कोंबडी देशभर गेली. ‘भारतीय खाना’ म्हणजे पंजाबी तंदूर, अशी समजूत पुढील तीस वर्षांत रूढ झाली. कोकणातले, खानदेशातले वा विदर्भातले अन्न मोठ्या हॉटेलात मागण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

घरच्या पदार्थांस मान

घराघरांत शिजणाऱ्या प्रांतोप्रांतींच्या पदार्थांस भारी मेजावर स्थान देण्याचा एक ठळक प्रयत्न ताज समूहाने लंडनमध्ये १९८२ साली उघडलेल्या ‘बॉम्बे ब्रासरी’त झाला. कॅमेलिया पंजाबी यांचा त्यात पुढाकार होता. तेथे गोव्याचे, पारशी घरांतले पदार्थ आले. त्यानंतर १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ हे उपाहारगृह निघाले. त्याचे प्रमुख आचारी फ्लॉइड कार्डोझ हे मुंबईत जन्मलेले, मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातले. अमेरिकेतील भाजी-मासळीस आपल्या मसाल्यांची जोड देऊन त्यांनी नवी पद्धती रूढ केली. २०११ साली तेथील दूरचित्रवाणीवर नामवंत आचाऱ्यांची स्पर्धा झाली, ती त्यांनी जिंकली. आणि अंतिम फेरीत त्यांनी काय रांधले असेल? रव्याचा उपमा! त्यास अळंब्यांची जोड दिलेली होती, इतकेच. पुढे २०१५ साली मुंबईच्या कमला मिलच्या आवारात ‘बॉम्बे कँटीन’ उभे करण्यात त्यांचा वाटा होता. २५ मार्च २०२० रोजी करोनाच्या साथीत त्यांचे अमेरिकेत निधन झाले.

टायर बनविणाऱ्या मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. पुढे ती उत्तम उपाहारगृहांस तारका देऊ लागली आणि आचाऱ्यांच्या जगात त्या तारकांस पदकाचे मोल आले. २००१ साली लंडनमधील विनीत भाटिया व अतुल कोचर या दोघा भारतीय आचाऱ्यांच्या उपाहारगृहांस ती तारका प्रथम मिळाली. २००९ साली दिल्लीत मनीष मेहरोत्रा यांच्या हाताखाली ‘इंडियन अॅक्सेंट’ सुरू झाले. २०१० साली कोलकात्याचे गगन आनंद यांनी बँकॉकमध्ये स्वतःच्या नावाचे उपाहारगृह काढले. आशियातील पन्नास उत्तम उपाहारगृहांच्या यादीत ते २०१५ ते २०१८ अशी सलग चार वर्षे पहिले आले. मुंबईच्या महालक्ष्मी भागात २०१६ साली ‘मास्क’ निघाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये गरिमा अरोरा यांच्या बँकॉकमधील ‘गा’ या उपाहारगृहास तारका मिळाली. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला आचारी होत. आणि मे २०२५ मध्ये दुबईतील हिमांशु सैनी यांच्या ‘त्रेसिंद स्टुडिओ’स तीन तारका मिळाल्या. भारतीय पाकपद्धतीच्या उपाहारगृहास हा सर्वोच्च मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. दीन महंमदांच्या दिवाळ्यापासून येथवर येण्यास दोनशेहून अधिक वर्षे लागली.

या मंडळींचे कौशल्य कशात आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. गगन यांची दह्याची गोळी प्रसिद्ध आहे. समुद्रातील शेवाळापासून अल्जिनेट नावाचे द्रव्य काढतात. ते पाण्यात कालवून त्यात चमचाभर दही अलगद सोडले की दह्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन भोवती पातळ पापुद्रा धरतो. गोळी जिभेवर ठेवताच पापुद्रा फुटतो आणि तोंडात मसालेदार दही पसरते. चव दह्याचीच, ती लाभण्याची रीत मात्र नवी.

‘हे आपले अन्न नव्हे, ही भेसळ आहे,’ असा आक्षेप वडीलधारी मंडळी घेतात. त्यांस माझी नम्र विनंती अशी की, त्यांनी एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीचा विचार करावा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची, ही चारही मूळची अमेरिका खंडांतली. युरोपीय लोक सागरमार्गाने भारतात येऊ लागल्यानंतरच ती आपल्याकडे आली. म्हणजे जे अन्न आपण उपवासास पवित्र म्हणून खातो, तेच समुद्रापलीकडून आलेले आहे. मिश्रण हा दोष मानला तर आपला उपवासही घडणार नाही.

गिरणीच्या आवारातील भोजन

आता त्या वाढदिवसाच्या भोजनाकडे वळतो. ते उपाहारगृह एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या आवारात आहे. आत शिरताना माझी पावले क्षणभर थबकली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला आणि त्यानंतर गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. माझे थोरले चुलते एका गिरणीत साचेवाले होते. गावी बायकामुले ठेवून आलेले असे हजारो कामगार खानावळवाल्या बायांच्या हातचे जेवत. दोन खोल्यांच्या चाळीत वीस-पंचवीस माणसांचे दोन वेळचे जेवण एकेक बाई रांधी. सावकाराच्या पाशातून त्यांची सुटका व्हावी म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ज्या आवाराभोवती त्या बायांनी मुंबईचा कामगार जगविला, तेथेच आज हे भारी मेज मांडलेले आहे.

तेथे पाट नव्हता, पण खुर्ची मऊ होती. शेजारच्या मेजावर कोण बसले आहे, त्याची जात कोणती, हे विचारण्याचे तेथे कोणास कारण नव्हते. परमहंस सभेच्या मंडळींनी दारे लावून जे केले, ते येथे दिव्यांच्या प्रकाशात चालले होते. हे पाहून मला खरोखर संतोष वाटला. परंतु बिल आले तेव्हा त्या संतोषात थोडे पाणी पडले. १९८० साली मी नोकरीस लागलो. त्या पहिल्या वर्षाचे बाराही पगार एकत्र केले असते तरी आम्हा तिघांच्या त्या भोजनाचे बिल फिटले नसते. पूर्वी दारावर जात उभी होती, आता पैसा उभा आहे. दोन्ही पहारेकरी सारखे नव्हेत. कारण पैसा मिळविता येतो, जात बदलता येत नसे. तथापि दार अद्याप सर्वांस खुले झालेले नाही, हेही खरे.

आठव्या खेपेस काळ्या दगडी ताटलीत हळदीच्या पानाचा दोन बोटे रुंद तुकडा आला. त्यावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर, आत गूळ-खोबरे आणि बाजूला नारळाच्या दुधाचे आइस्क्रीम. वाढणारा मुलगा आदबीने म्हणाला, “हा किनारपट्टीवरचा एक विस्मृतीत गेलेला पदार्थ आहे.” माझी कन्या एकदम हसली आणि म्हणाली, “बाबा, या तर आक्काआजींच्या पातोळ्या!”

मलाही हसू आले आणि थोडा रागही आला. आमच्या घरी नागपंचमीस पातोळ्या होत. त्या विस्मृतीत कशा जातील? मी त्या मुलास तसे सांगितले. त्याने आत जाऊन मुख्य आचाऱ्यास बोलावून आणले. तो तिशीतला तरुण होता. मी किंचित तोऱ्यातच विचारले, “ही कृती तुम्ही कोठून आणली?” त्याने कोकणातील एका गावाचे नाव सांगितले, तेथील ज्या वृद्ध बाईकडे चार दिवस राहून तो हे शिकला तिचे संपूर्ण नाव सांगितले आणि तिने पीठ किती सैल ठेवावयास शिकविले तेही सांगितले. मग त्याने हात जोडून मला विचारले, “काका, तुमच्याकडे कोण करीत असे? त्यांचे नाव काय?”

मी म्हटले, “आक्का.” तो थांबून राहिला. आक्का हे काही नाव नव्हे, हे त्याला कळत होते आणि मलाही. मला पुढे काही सांगता येईना.

आक्का

आक्का म्हणजे माझी आत्या. अकाली वैधव्य आल्याने ती माहेरी परत आली आणि आमच्याच घरी राहिली. चाळीसएक वर्षे ज्ञातीच्या समारंभाचा मुदपाकखाना तिच्या देखरेखीखाली चाले. दोनशे पानांस तांदूळ किती लागतील हे ती सुपाकडे पाहून सांगे. तिच्या हाताखाली आणखी पाच-सहा बायका असत. पंगती उठून गेल्या की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून जेवी. तिला सारे आक्का म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. तिचे जन्मनाव मी कधी विचारले नाही.

त्या भोजनानंतर मी मंडळाच्या कार्यालयात जाऊन जुने वार्षिक अहवाल पाहिले. समारंभास कोणी किती देणगी दिली, तांदूळ कोणी दिले, तूप कोणी पाठविले, कोणाच्या हस्ते उद्घाटन झाले, या सर्वांची नावे तेथे छापलेली आहेत. रांधणाऱ्या एकाही बाईचे नाव मला त्यांत आढळले नाही. पत्रावळी आणणाऱ्या बायांची तर गोष्टच नको. आक्काचे नाव मला अखेर सापडले ते घरातील एका जुन्या शिधापत्रिकेवर, कुटुंबातील व्यक्तींच्या यादीत, माझ्या नावाच्या वर.

हे वाचून कोणी म्हणेल, एका नावासाठी एवढे काय? त्यावर दिल्लीतील एक प्रकरण सांगतो. ‘बटर चिकन’ प्रथम कोणी केले, यावरून मोती महलच्या वारसांनी दुसऱ्या एका उपाहारगृहाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. ही जानेवारी २०२४ मधील गोष्ट. एका रश्श्याच्या कर्तृत्वासाठी दोन पक्ष न्यायालयात जातात, आणि आपण शेकडो पदार्थांचे कर्तृत्व फुकाफुकी विसरून जातो. त्या तरुण आचाऱ्याने आपल्या गुरूचे नाव लक्षात ठेवले. विस्मृतीचा शब्द त्या वाढप्याने उच्चारला तेव्हा मला राग आला खरा, परंतु पदार्थ लक्षात ठेवून करणारणीचे नाव विसरलेला मनुष्य तेथे मीच होतो.

आपल्या भाषेत असे कार्य पूर्वी झालेले आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि घरोघरी पोहोचली. त्यांची नावे राहिली, कारण ती पुस्तकावर छापली गेली. ज्यांनी लिहिले नाही, त्यांचे काय?

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस माझी अशी सूचना आहे की, पुढील स्मरणिकेत एक विभाग केवळ यासाठी राखावा. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एक पदार्थ प्रमाणासह लिहून पाठवावा. आणि तो ज्या आजीने, आत्याने, काकूने वा मावशीने शिकविला तिचे जन्मनाव, सासरचे नाव व गाव त्याखाली अवश्य द्यावे. घरात अद्याप वडीलधारी स्त्री असेल तर आजच तिच्याजवळ बसून विचारून घ्यावे. उद्यावर टाकू नये. जुन्या पंगतींस पत्रावळी, मडकी वा सरपण पुरविणाऱ्या ज्या घरांची आठवण कोणास असेल, त्यांचीही नावे आदराने नोंदवावीत. त्यांपैकी कोणाचे नातू-पणतू गावात असतील तर पुढील वार्षिक समारंभास त्यांस निमंत्रण देऊन आपल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवावे, अशीही माझी विनंती आहे.

या कार्यासाठी एक कोरी वही मी चिटणीसांच्या स्वाधीन केली आहे. पहिल्या पानावर पातोळ्यांची कृती आणि त्याखाली आक्काचे संपूर्ण नाव लिहिले आहे. ते येथे एकटेच छापणे मला प्रशस्त वाटले नाही. तिच्याबरोबर चुलीपाशी बसणाऱ्या त्या पाच-सहा जणींची नावेही त्या पानावर यावयाची आहेत, आणि ती मला ठाऊक नाहीत. ज्यांच्या घरातील त्या होत्या, त्यांनी कार्यालयात येऊन ती लिहावीत. वही वाट पाहत आहे.

इति लेखनसीमा.